मी तुमचा माणूस

7 एप्रिल 1127, गुरुवार. ईस्टर होऊन चार दिवस झाले होते. आजच्या बेल्जियममध्ये असलेल्या ब्रुज गावात, फ्लँडर्सच्या नव्या काउंटसमोर एकेक जण येऊन उभा राहत होता. काउंट प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता : तू पूर्णपणे माझा माणूस व्हायला तयार आहेस का? समोरचा 'तयार आहे' म्हणायचा. मग तो दोन्ही तळवे जोडून पुढे करायचा, काउंट ते आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये घ्यायचा आणि दोघं एकमेकांचं चुंबन घ्यायचे. त्यानंतर इमानाची शपथ, तीही संतांच्या अस्थींवर हात ठेवून. सगळ्यात शेवटी काउंटच्या हातातली छडी. त्या छडीच्या खुणेनं, याच्या पूर्वजांकडे जी जहागीर होती ती आता याच्याकडे आली, असं जाहीर व्हायचं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते गाल्बेर नावाच्या एका कारकुनामुळे. तो काउंटच्या दफ्तरात लेखनिक होता. गावात मारामाऱ्या, जाळपोळ, वेढा चाललेला, बसून लिहायला जागा नाही, अशा अवस्थेत तो मेणाच्या पाट्यांवर टिपणं काढत होता आणि जरा निवांतपणा मिळाला की ती नीट लिहून काढत होता. मध्ययुगीन युरोपवरच्या कितीतरी पुस्तकांत धनी आणि मांडलिक यांच्या विधीचं जे वर्णन येतं, ते मुळात या एका माणसाचं आहे. त्या दिवसाआधी काय झालं आणि नंतर काय झालं, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. म्हणून या प्रकरणात मी सबंध युरोप फिरणार नाही. इकडेतिकडे डोकावून पुन्हा पुन्हा ब्रुजलाच येणार आहे.

आधी शब्दाचं पाहू. या विधीला नाव होतं 'ओमाज', इंग्रजीत 'होमेज'. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'होमो' म्हणजे माणूस हा शब्द आहे. ओमाज करणं म्हणजे कुणाचा तरी माणूस होणं. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 'तो साहेबांचा माणूस आहे' असं आपण रोज ऐकतो आणि त्यात पगार, नोकरी, नातं यापलीकडचं काय सांगितलं जातंय ते आपल्याला बरोबर कळतं. फरक इतकाच, की ब्रुजमध्ये हे चारचौघांसमोर, विचारून, हातात हात घेऊन ठरायचं आणि त्याचे साक्षीदार असायचे.

मांडलिकासाठी वापरल्या जाणाऱ्या 'व्हॅसल' या शब्दाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. केल्टिक भाषेत त्याचा मूळ अर्थ पोऱ्या, घरातला चाकर. आठव्या-नवव्या शतकात फ्रँक राजांच्या राज्यात हा शब्द वर वर चढत गेला. बव्हेरियाचा ड्यूक तासिलो हा राजाचा व्हॅसल झाला, असं फ्रँक दरबाराचा इतिहास 757 सालच्या नोंदीत सांगतो. चाकराचा शब्द ड्यूकच्या अंगावर आला आणि त्याची लाज कुणाला वाटली नाही, कारण तोवर मोठ्या माणसाचा माणूस असणं हा मान झाला होता.

आपण या सगळ्या व्यवस्थेला मराठीत 'सरंजामशाही' म्हणतो. शब्द रुळलेला आहे, तो बदला असं मी म्हणणार नाही. पण तो आपल्याला थोडा चकवतो. मराठेशाहीतला सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेला मुलखाचा महसूल. तो सरकारनं द्यायचा आणि तत्त्वतः सरकारनंच काढून घ्यायचा. प्रत्यक्षात तो बापाकडून मुलाकडे जात राहिला, पण कागदावर मालकी सरकारची. त्यात तळव्यात तळवे देणं नव्हतं आणि धन्यानं मांडलिकाला समोरासमोर काही कबूल करणंही नव्हतं. 'सरंजामी वृत्ती' म्हणताना तर आपल्या डोळ्यांसमोर हुकूम सोडणारा एक आणि मान खाली घालणारे शंभर असतात. युरोपातल्या धनी-मांडलिक नात्याचा गाभा त्या चित्रात सापडत नाही. तिथे कबुली दोन्ही बाजूंनी होती. एकानं ती मोडली, तर दुसरा मोकळा होत होता. हे तत्त्व पुस्तकी नव्हतं. त्यासाठी माणसं जीव द्यायला आणि घ्यायला तयार होती.

त्या कबुलीत नेमकं काय होतं, हा प्रश्न त्या काळच्या माणसांनाही पडत होता. 1020 च्या सुमारास अ‍ॅक्विटेनचा ड्यूक पाचवा विल्यम यानं शार्त्रचे बिशप फुल्बेर यांना तेच विचारलं. फुल्बेरनं लिहिलेलं उत्तर छोटंसं आहे, पण पुढची कित्येक शतकं कायदेपंडित ते वापरत राहिले. त्यात सहा गोष्टी आहेत. धन्याच्या शरीराला इजा करायची नाही. त्याची गुपितं आणि त्याचे किल्ले धोक्यात आणायचे नाहीत. त्याच्या न्यायाधिकाराला आणि प्रतिष्ठेला बाध आणायचा नाही. त्याच्या मालमत्तेचं नुकसान करायचं नाही. त्याला सहज जमणारं काम अवघड करून ठेवायचं नाही आणि शक्य असलेलं अशक्य करायचं नाही.

शेवटच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. अडवणूक करून माणसाला जेरीला आणण्याचे प्रकार ज्यानं जवळून पाहिलेत, त्यालाच त्या सुचतील. पण फुल्बेर तिथे थांबत नाही. वाईट न करणं पुरेसं नाही, असं तो म्हणतो. जहागिरीला पात्र व्हायचं असेल तर धन्याला मदत आणि सल्ला, या दोन गोष्टी मनापासून द्यायला हव्यात. आणि मग येतं ते वाक्य, ज्यासाठी हे पत्र महत्त्वाचं आहे : धन्यानंही मांडलिकाशी या सर्व बाबतींत तसंच वागायला हवं, नाहीतर तोही बेइमान ठरेल. एका बिशपनं एका ड्यूकला हे तोंडावर सांगितलेलं आहे.

मदत म्हणजे मुख्यतः घोड्यावर बसून, स्वतःच्या खर्चानं, शस्त्रं घेऊन येणं. बऱ्याच ठिकाणी वर्षाकाठी चाळीस दिवसांचा रिवाज पडला होता. सल्ला म्हणजे धन्यानं बोलावलं की त्याच्या दरबारात हजर राहणं, तिथे निवाड्याला बसणं. आज आपल्याला हे दुय्यम वाटेल, पण तसं नव्हतं. मांडलिकाचा खटला त्याच्या बरोबरीच्या मांडलिकांसमोर चालायचा. 1037 मध्ये मिलानला वेढा घालून बसलेल्या सम्राट दुसऱ्या कॉनराडनं इटलीतल्या जहागीरदारांना लेखी हमी दिली, की बरोबरीच्या माणसांच्या निवाड्याशिवाय कुणाचीही जहागीर काढून घेतली जाणार नाही आणि ती मुलाकडे, नातवाकडे जाईल. धन्याच्या मर्जीवर असलेली वस्तू हक्काची झाली, ती अशी.

हक्काची झाली, पण फुकट नाही. बाप मेला की वारसानं पुन्हा येऊन हात जोडायचे आणि रक्कम भरायची. आपल्याकडे वारसाहक्कानं वतन किंवा सरंजाम चालू ठेवायचा तर सरकारात नजर भरावी लागे, तसंच हे. ही रक्कम किती असावी यावरून इंग्लंडात राजा जॉननं इतका जाच केला, की 1215 च्या मॅग्ना कार्टात दुसऱ्याच कलमात आकडे घालावे लागले : बॅरनच्या वारसाला 100 पौंड, नाइटच्या एका जहागिरीला जास्तीत जास्त 100 शिलिंग. वारस अज्ञान असेल तर तो आणि त्याची जमीन दोन्ही धन्याच्या ताब्यात. त्या काळात धनी जंगल तोडून, कुळं पिळून जमिनीचं वाटोळं करायचे. सनदेला त्याचाही बंदोबस्त करावा लागला. विधवेला मनाविरुद्ध दुसरं लग्न करायला भाग पाडू नये, हेही तिथेच लिहिलं गेलं. त्या ओळी वाचताना कलमांमागची माणसं दिसतात. जे घडतच नव्हतं, त्याच्याविरुद्ध कुणी कलम लिहीत नाही.

ज्या अ‍ॅक्विटेनच्या विल्यमला फुल्बेरनं ते पत्र लिहिलं, त्याच विल्यमविरुद्ध त्याच्या एका मांडलिकाची तक्रार लेखी उरली आहे. मांडलिक होता लुझिन्यांचा ह्यूग. तो सांगतो, की विल्यमनं मला या ना त्या किल्ल्याचं, जमिनीचं आश्वासन दिलं आणि दर वेळी शब्द फिरवला. एका व्हायकाउंटच्या मुलीशी माझं लग्न जुळत होतं, तेही मोडायला लावलं. वाचताना कानाला फिर्याद लागते, आणि खरी दुखापतही. अखेर ह्यूगनं सगळ्यांदेखत विल्यमवरचं इमान मागे घेतलं. पण त्यात दोन अपवाद ठेवले : विल्यमचा देह आणि विल्यमचं शहर. त्यांना मी हात लावणार नाही, बाकी मी मोकळा. तुटलेल्या नात्यातही काय तोडायचं नाही, हे त्या रागावलेल्या माणसाला ठाऊक होतं.

आणखी एक गुंता. एका माणसाला एकच धनी, असं फार काळ राहिलं नाही. लग्नात, वारशात, बक्षिसात जहागिरी येत गेल्या आणि त्यांच्याबरोबर धनीही. तेराव्या शतकात तूलच्या जॉननं दिलेला एक कबुलीजबाब आहे. त्याला चार-पाच धनी होते. शाँपान्यची काउंटेस आणि तिचा मुलगा यांचा मी प्रथम माणूस, असं तो म्हणतो. आता समजा, त्याचा दुसरा धनी, ग्राँप्रेचा काउंट, याचं काउंटेसशी युद्ध जुंपलं तर? जॉन तोड काढतो : भांडण ग्राँप्रेच्या काउंटचं स्वतःचं असेल तर मी स्वतः त्याच्या बाजूनं जाईन आणि काउंटेसच्या जहागिरीपोटी जेवढे नाइट देणं लागतो तेवढे तिच्याकडे पाठवीन. म्हणजे मालक एका फळीत आणि त्याचेच घोडेस्वार समोरच्या फळीत. आपल्याला हे विचित्र वाटतं. जॉनला यात दोन्ही शब्द पाळण्याची धडपड दिसत होती आणि मला ती धडपड प्रामाणिक वाटते.

आता परत ब्रुज.

त्या एप्रिलमध्ये नवा काउंट का निवडावा लागला? कारण आधीच्या काउंटचा, सज्जन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार्ल्सचा, 2 मार्चला सकाळी सेंट डोनेशियनच्या चर्चमध्ये खून झाला होता. तो प्रार्थना म्हणत होता आणि गरिबांना नाणी वाटत होता. मारेकरी त्याच्याच पदरचे, एरेमबाल्ड घराण्यातले होते. घराण्याचा प्रमुख बेर्तुल्फ त्याच चर्चचा प्रोव्होस्ट, म्हणजे मुख्याधिकारी, आणि फ्लँडर्सच्या कारभारातला सगळ्यात बलवान माणूस होता. आणि या बलवान घराण्याबद्दल दबक्या आवाजात बोललं जात होतं, की ही माणसं मुळात भूदास आहेत.

ठिणगी पडली ती एका द्वंद्वावरून. बेर्तुल्फची भाची एका स्वतंत्र नाइटला दिली होती. या नाइटनं दुसऱ्या एकाला काउंटसमोर द्वंद्वाचं आव्हान दिलं. त्यानं साफ नकार दिला. म्हणाला, मी स्वतंत्र माणूस आहे, पण हा नाही. काउंटच्या कायद्यानुसार स्वतंत्र पुरुषानं दासीशी लग्न केलं आणि वर्ष उलटलं की तोही दास होतो. बेर्तुल्फच्या घरातली बायको केल्यामुळे हा नाइट दास झाला, याच्याशी मी लढणार नाही. चार्ल्सनं चौकशी लावली. ती पूर्ण झाली असती तर एरेमबाल्ड घराणं एका दिवसात धुळीला मिळालं असतं.

इथे थोडं थांबायला हवं. तळव्यात तळवे देण्याचा हा सगळा सन्मान ज्यांच्या मेहनतीवर उभा होता, ते नांगर धरणारे लोक या वर्तुळात कधीच नव्हते. मांडलिक स्वतःहून 'तयार आहे' म्हणायचा. भूदासाला कुणी विचारत नव्हतं. तो जन्मानं कुणाचा तरी होता, जमीन विकली की तिच्याबरोबर जात होता, आणि धनी बेइमान निघाला तर त्याला फेकून द्यायला त्याच्याकडे कबुलीच नव्हती. दोन्ही नात्यांत 'अमक्याचा माणूस' असंच म्हणत. पण एरेमबाल्ड घराण्यानं ज्या फरकासाठी खून केला, तो फरक त्या एकाच शब्दाच्या पोटात होता.

खुनानंतर चार्ल्सच्या बाजूच्या लोकांनी ब्रुजचा किल्ला वेढला. आत मारेकरी होते, त्यांचे नातेवाईक होते, आणि बाहेरच्यांपैकी काही जण त्यांचेच मांडलिक होते. त्यांनी काय करावं? गाल्बेर सांगतो, की बाहेरच्या लोकांनी हातात गवताच्या काड्या घेतल्या आणि आतल्यांचं ओमाज, इमान, अभय सगळं तोडल्याची खूण म्हणून त्या फेकून दिल्या. हात जोडून बांधलेलं नातं मोडायला गवताची एक काडी पुरत होती. पण ती सर्वांसमोर फेकावी लागत होती. रात्री गुपचूप पळून जाणारा गद्दार आणि दिवसा काडी फेकणारा मोकळा, हा भेद त्या माणसांच्या मनात पक्का होता.

चार्ल्सला मूल नव्हतं. फ्रान्सचा राजा सहावा लुई यानं आपला उमेदवार पुढे केला : विल्यम क्लितो, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा नातू. त्याची आजी माटिल्डा फ्लँडर्सच्या घराण्यातली, एवढा त्याचा हक्क. त्यानं ब्रुजच्या नागरिकांना जकात आणि घरपट्टी माफ करण्याचं वचन दिलं, शपथेवर. सुरुवातीला वर्णन केलेला विधी त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. समोरच्या रांगेचे हात आपल्या तळव्यात घेणारा तरुण म्हणजे हा क्लितो.

पुढे काय झालं ते पाहिलं की ही व्यवस्था आतून कशी चालायची ते उलगडतं. काही महिन्यांतच क्लितोनं ब्रुजकरांकडे जकात मागितली. शब्द का फिरवला? कारण त्या जकातीचं उत्पन्न पूर्वीच्या काउंटांनी काही नाइटांना जहागीर म्हणून लावून दिलेलं होतं. ते क्लितोला म्हणाले, जकात माफ करणारे तुम्ही कोण? ती आमची आहे, आमच्या संमतीशिवाय तुम्ही ती सोडू शकत नाही. त्यांचंही खरं होतं. जहागीर म्हणजे दर वेळी शेतजमीनच असते असं नाही. पुलावरची जकात, बाजारातलं उत्पन्न हेही जहागिरीत दिलं जायचं. क्लितोनं नागरिकांना दिलेला शब्द पाळावा तर नाइटांचा मोडतो आणि नाइटांचा पाळावा तर नागरिकांचा. शहाण्या धन्यानं बोलणी करून वाट काढली असती. क्लितोनं दांडगाई केली. लीलच्या जत्रेत त्यानं आपला म्हणून एका दासाला भर बाजारात पकडायला लावलं. गाव उठलं, तेव्हा गावावर 1400 मार्कांचा दंड बसवला.

फेब्रुवारी 1128 मध्ये घेंट गावात आल्स्टचा इवान हा सरदार नागरिकांच्या वतीनं क्लितोसमोर उभा राहिला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता : तुम्ही आम्हाला दिलेल्या शपथा मोडल्यात. ईप्र इथे दरबार भरवू. दोन्ही बाजूंचे सरदार, आमचे बरोबरीचे लोक, धर्मगुरूंमधले आणि जनतेतले जाणते असे सगळे बसोत. तुम्ही मानानं काउंट राहू शकता असं ते म्हणाले, तर राहा. तुम्ही बेकायदा आणि बेइमान वागलात असं ठरलं, तर काउंटपद सोडा, म्हणजे आम्ही योग्य माणसाला बसवू.

क्लितो भडकला. तू मला केलेलं ओमाज मी तुझ्या अंगावर परत फेकतो, म्हणजे आपण बरोबरीचे होऊ आणि मी तुझ्याशी द्वंद्व करीन, असं तो म्हणाला. त्या रागातही त्याला एक गोष्ट मान्य होती : हा माझा माणूस असेपर्यंत मी याच्यावर तलवार उचलू शकत नाही. आधी बंध तोडायला हवा. इवाननं द्वंद्व नाकारलं आणि निवाड्याची तारीख मागितली. 8 मार्च ठरला. क्लितो ईप्रला आला तो सशस्त्र फौज घेऊन. हे कळल्यावर इवान आणि डेंडरमोंडचा डॅनियल यांनी निरोप्यांकरवी त्याचं ओमाज टाकून दिल्याचं कळवलं.

त्यांनी तिएरीला पुढे आणलं. हा आल्सासचा, चार्ल्सचा मावसभाऊ. ब्रुजनं त्याला काउंट मानलं, तेव्हा राजा लुईनं हरकत घेतली. काउंट निवडणं हा फ्लँडर्सच्या सरदारांचा आणि नागरिकांचा हक्क आहे, राजाचा त्यात संबंध नाही, असं उत्तर त्याला मिळालं. मला हे उत्तर थरारून टाकतं. कापड विणणाऱ्या, लोकर विकणाऱ्या माणसांनी सरदारांच्या नात्यातला न्याय उचलला आणि तो गावासाठी वापरला. शपथ दोन्हीकडून असते, मग ती आम्हाला दिलेली असली तरी दोन्हीकडूनच.

पण म्हणून त्यांचा विजय ठरलेला नव्हता. 21 जूनला आक्सपूलच्या लढाईत क्लितो जिंकला. तिएरी पळाला. ब्रुजमध्ये लोक हादरले. आपण टाकून दिलेल्या धन्याच्याच बाजूनं देव आहे की काय, या विचारानं गाल्बेरची लेखणी अडखळते. आधी तो एका बाजूनं लिहितो, मग दुसऱ्या. त्याच्या पुस्तकाचे हे शेवटचे भाग ओबडधोबड आहेत आणि म्हणूनच खरे वाटतात. एखादा शब्द मोडायचा अधिकार आपल्याला होता का, हा प्रश्न त्याला झोपू देत नव्हता.

जुलैमध्ये क्लितोनं इवानच्या आल्स्टला वेढा घातला. तिथे त्याच्या हाताला जखम झाली, ती चिघळली आणि त्यातच तो गेला. पंचविशीतला होता. तिएरीला विरोधच उरला नाही. ज्या राजा लुईनं तिएरीला नाकारलं होतं, त्याच्याकडेच तिएरी गेला आणि चार्ल्सकडे ज्या जहागिरी होत्या त्या त्याच्याकडून घेतल्या. फ्लँडर्सचा धनी फ्रान्सच्या राजाचा माणूस झाला आणि पुढची चाळीस वर्षं, 1168 पर्यंत, ब्रुजमध्ये येणाऱ्यांचे जोडलेले हात आपल्या तळव्यात घेत राहिला.